महागड्या गाडीची बॅटरी उतरली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, पोर्शे, व्होल्वो, रेंज रोव्हर यांपैकी एखादी गाडी सकाळी उघडतच नाही, किंवा उघडते पण सेल्फ घेत नाही. अशा वेळी मालकाचा पहिला फोन नाक्यावरच्या बॅटरीवाल्याला नाहीतर ड्रायव्हरच्या ओळखीच्या मॅकेनिकला जातो. तो फोन लावण्याआधी हे पान वाचा. बॅटरी उतरणं हे दुखणं किरकोळ आहे. मात्र तिला उठवण्याच्या घाईत केबलचा चिमटा चुकीच्या जागी लागला की हजारांत भागणारं काम लाखांत जातं. आमच्या गॅरेजमध्ये अशा गाड्या टोइंग होऊन येतात तेव्हा खरंच हळहळ वाटते, कारण बहुतेक नुकसान टळण्यासारखं असतं.

गाडीची बॅटरी उतरलीय की किल्लीची?

आधी हे बघा. रिमोटचं बटण दाबून काहीच होत नसेल, पण किल्लीत लपलेल्या धातूच्या चावीने दार उघडल्यावर आतला दिवा नेहमीसारखा लख्ख लागला, तर गाडीची बॅटरी ठीक आहे. किल्लीतला सेल संपलाय. बहुतेक किल्ल्यांत सीआर २०३२ किंवा सीआर २०२५ हा गोल सेल असतो आणि तो कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. सेल मिळेपर्यंतही गाडी सुरू करता येते. किल्ली ठरावीक जागी टेकवून धरली की गाडी तिला ओळखते. बीएमडब्ल्यूत ही जागा स्टिअरिंगच्या दांड्यावर खूण करून दाखवलेली असते, इतर गाड्यांत ती कपहोल्डरजवळ किंवा मधल्या कप्प्यात असते. तुमच्या मॉडेलची जागा मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

आतला दिवा मिणमिणत असेल किंवा लागतच नसेल, तर मात्र गाडीची बॅटरी उतरलीय.

सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक होतं. मोटर गेली का?

बहुधा नाही. भरभर टकटक आवाज आणि त्यासोबत डॅशबोर्डवरचे दिवे मंद होणं ही कमजोर बॅटरीची खूण आहे. दिवे लख्ख असूनही सेल्फ मारल्यावर पूर्ण शांतता असेल, तर किल्ली ओळखली जात नाहीये, ब्रेक पुरेसा दाबलेला नाही किंवा स्टार्टरच्या वायरिंगमध्ये काही आहे, अशा शक्यता तपासायच्या. एकदाच खणखणीत ‘टक’ होऊन पुढे काही घडलं नाही, तर स्टार्टरवर संशय घ्यायला जागा आहे. पण तेव्हाही बॅटरी आधी तपासायची.

दार उघडत नाही. आत कसं जायचं?

किल्लीच्या एका कडेला छोटी कळ असते. ती सरकवली की आतून धातूची चावी बाहेर येते. तिचं भोक सहसा ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर असतं, पण बऱ्याच नव्या गाड्यांत ते गाडीच्याच रंगाच्या प्लास्टिकच्या टोपणाखाली झाकलेलं असतं. टोपणाच्या खालच्या बाजूला खाच असते, तिच्यात चावीचं टोक घालून ते हलकेच उचकटायचं. स्क्रूड्रायव्हर घालू नका, रंग उडतो.

कूपे किंवा कॅब्रिओलेसारख्या चौकट नसलेल्या दारांच्या गाड्यांत एक काळजी घ्यावी लागते. एरवी दार उघडताना काच आपोआप थोडी खाली सरकते आणि मग रबरातून सुटते. बॅटरी उतरल्यावर ती सरकत नाही. दार जोरात ओढलं तर काच फुटते किंवा रबर फाटतं, म्हणून काच बाहेरच्या बाजूला हाताने हलकेच धरत दार सावकाश उघडायचं आणि शक्यतो पुन्हा आपटून बंद करायचं नाही.

वीज परत आल्यावर अलार्म कोकलू शकतो, कारण दार रिमोटने उघडलेलं नव्हतं. रिमोटचं अनलॉक दाबलं किंवा गाडी सुरू केली की तो गप्प होतो.

बॉनेट उघडलं, पण बॅटरी दिसतच नाही!

ती तिथे नसेलच. वजनाची विभागणी नीट व्हावी आणि इंजिनची धग लागू नये म्हणून या गाड्यांत बॅटरी अनेकदा मागे ठेवतात. बीएमडब्ल्यूच्या थ्री आणि फाइव्ह सिरीजच्या बऱ्याच पिढ्यांत ती डिकीत उजव्या बाजूला असते. ऑडी ए६ आणि ए८ मध्येही ती मागेच मिळते, तर व्होल्वोच्या अलीकडच्या एसयूव्हींत डिकीच्या फरशीखाली. पहिल्या पिढीची ऑडी क्यू७ आणि जुनी पोर्शे कायेन यांत ती चक्क पुढच्या सीटखाली असते. मर्सिडीजच्या बऱ्याच मॉडेलांत ती इंजिनच्या खोलीतच, पण काचेलगतच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली असते.

जम्प देण्यासाठी, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज केबलने देऊन गाडी सुरू करण्यासाठी, मात्र बॅटरी गाठायची गरज नाही. बॉनेटखाली लाल टोपणाखालचा अधिक चिन्हाचा खांब आणि बॉडीला जोडलेला अर्थिंगचा जाड बोल्ट किंवा खुंटी, अशी जोडी कंपनीने यासाठीच दिलेली असते. गाडी धडधाकट असतानाच ती एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. रात्री अकराला पाऊस पडत असताना ती शोधणं फार अवघड जातं.

बॅटरी डिकीत आहे आणि डिकी विजेवर उघडते. आता काय?

डिकीच्या मागे लागू नका. बॉनेट अजूनही बहुतेक गाड्यांत वायरने, म्हणजे आतली कळ ओढून उघडतं. तिथल्या खांबावर जम्प दिला की डिकीचं बटणही चालू लागतं. पोर्शे ९११, बॉक्स्टर आणि केमन यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची बॅटरी पुढच्या सामानाच्या खोलीत असते, आणि अनेक मॉडेलांत त्या खोलीचं झाकणही विजेवर उघडतं. त्यासाठी ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधून बाहेर ओढता येणारं एक टर्मिनल दिलेलं असतं. त्याला बाहेरून १२ व्होल्टचा अधिक टोकाचा पुरवठा आणि दाराच्या धातूच्या भागाला वजा टोक दिलं, की झाकणाचं कुलूप सुटण्यापुरती वीज मिळते. त्या टर्मिनलवरून इंजिन सुरू करायचा प्रयत्न कधीही करू नका. त्याची वायर तेवढा करंट पेलायला बनवलेलीच नसते.

आणि याच्या उलट एक सूचना: डिकीतल्या बॅटरीचं टर्मिनल काढल्यावर डिकी बंद करू नका. हात लागून ती बंद झाली, तर आतली बॅटरी आणि बाहेरचे आपण यांत पुन्हा तेच बंद कुलूप येतं.

जम्प स्टार्टची बरोबर पद्धत कोणती?

आधी केबल बघा. बाजारातल्या स्वस्त केबलला वरून जाड प्लास्टिक असतं आणि आत तारा मोजक्याच. तीन लिटरच्या डिझेल इंजिनला ती पुरत नाही, नुसती तापते. २५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची केबल घ्या. एकदा घेतली की वर्षानुवर्षं टिकते.

दोन्ही गाड्या जवळ, पण एकमेकींना न टेकता उभ्या करा. बंद पडलेल्या गाडीचे दिवे, एसी, म्युझिक, फोनचा चार्जर सगळं बंद. मग या क्रमाने चिमटे लावा:

१. लाल चिमटा बंद गाडीच्या अधिक खांबाला.
२. लाल केबलचं दुसरं टोक चालू गाडीच्या अधिक टर्मिनलला.
३. काळा चिमटा चालू गाडीच्या वजा टर्मिनलला.
४. काळ्या केबलचं दुसरं टोक बंद गाडीच्या अर्थिंगच्या खुंटीला. बॅटरीच्या वजा टर्मिनलला नाही.

शेवटच्या पायरीवर लोक घाई करतात. तिच्यामागे दोन कारणं आहेत. एक म्हणजे शेवटचा चिमटा लागताना ठिणगी उडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो; म्हणून ठिणगी बॅटरीपासून लांब उडालेली बरी. दुसरं म्हणजे या गाड्यांत वजा टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती करंट गेला आणि किती बाहेर आला याचा हिशेब तो ठेवतो. चिमटा थेट त्याच्यावर लावला तर करंट त्याला वळसा घालून जातो आणि गाडीचा हिशेब चुकतो. चिमट्याच्या दाबाने तो सेन्सर तुटूही शकतो.

चालू गाडीचं इंजिन सुरू ठेवून पाच मिनिटं थांबा. बॅटरी ठार उतरली असेल तर दहा. मग सेल्फ मारा. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ मारू नका, आणि दोन प्रयत्नांत किमान एक मिनिट जाऊ द्या. सुरू झाली की चिमटे उलट्या क्रमाने काढा. पण त्याआधी नुकत्याच सुरू झालेल्या गाडीचा ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावा. केबल सुटताना व्होल्टेज एकदम उसळतं, ती उसळी हे दोघे झेलतात आणि नाजूक कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, वाचतात. चिमटे काढताना एकमेकांना लागू देऊ नका.

हायवेवर ट्रकवाले मदत करायला थांबतात. त्यांच्याकडून जम्प घ्यावा का?

नाही. कितीही आग्रह केला तरी नाही. आपल्याकडचे मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टवर चालतात, तुमची गाडी १२ व्होल्टवर. थेट २४ व्होल्ट दिले तर क्षणात अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा, बोलीतला डायनॅमो), कंट्रोल युनिट, हेडलाइटचे मॉड्यूल, काय काय जळेल याचा नेम नाही. माणूस मनापासून मदत करत असतो, म्हणून नकार देताना कसंतरी होतं. त्यांना हात जोडून सांगा, चहा पाजा, आणि एखादी साधी कार थांबवा. साधी हॅचबॅक पुरते. छोट्या इंजिनच्या गाडीनेही मोठी गाडी सुरू होते. बंद गाडीच्या बॅटरीला थोडा जास्त वेळ चार्ज घेऊ द्यावा लागतो इतकंच.

माझ्या गाडीवरून दुसऱ्याला जम्प दिला तर चालेल?

पेट्रोल-डिझेल गाडी असेल आणि मॅन्युअलमध्ये मनाई नसेल, तर बॉनेटखालच्या त्याच खांबांवरून द्यायला हरकत नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर देऊ नका.

खिशात मावणारे जम्प स्टार्टर चालतात का?

चांगल्या प्रतीचे उत्तम चालतात. एकट्याने गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे असावेत असं माझं मत आहे. फक्त ते तुमच्या इंजिनाच्या क्षमतेचे हवेत. पेट्रोल आणि डिझेलसाठी आकडे वेगळे दिलेले असतात. बॅटरी पार शून्याजवळ गेली असेल तर हे यंत्र तिला ओळखतच नाही आणि वीज सोडत नाही. त्यासाठी वेगळं बूस्टचं बटण असतं. ते दाबल्यावर उलट्या जोडणीपासूनचं संरक्षणही बंद होतं, तेव्हा बटण दाबण्याआधी लाल-काळं पुन्हा तपासा. आणि नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात हे यंत्र उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. आत लिथियम सेल असतात.

धक्का मारून सुरू होईल का?

ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. शिवाय वीज नसताना ती पार्किंगमधून न्यूट्रलला येत नाही आणि इलेक्ट्रिक हँडब्रेकही सुटत नाही, म्हणजे गाडी जागची हलणारच नाही. दोरी बांधून ओढली तर गिअरबॉक्सचं काम निघतं. टोइंगवाल्याला फोनवरच सांगा: फ्लॅटबेड (अख्खी गाडी पाठीवर घेणारी) हवी आणि बंद चाकांखाली घालायच्या चाकांच्या ट्रॉल्या हव्यात. बेसमेंटमध्ये गाडी असेल तर उंचीही सांगा, कारण फ्लॅटबेड बऱ्याच सोसायट्यांच्या रॅम्पवरून खाली उतरत नाही.

गाडी सुरू झाली. आता किती चालवू म्हणजे चार्ज होईल?

लोकांना वाटतं अर्धा तास पुरे. पुरत नाही. या गाड्यांत ८० ते १०५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ८० ची बॅटरी अर्धी उतरली तर ४० अँपिअर-अवर भरून काढायचे असतात. ट्रॅफिकमध्ये एसी, पंखे, सीटचे मोटर सगळे वीज खात असताना बॅटरीच्या वाट्याला थोडंच उरतं. त्यातही बॅटरी जसजशी भरते तसतसा ती करंट कमी घेते. दोन तास मोकळ्या हायवेवर चालवलीत तर बरीच सुधारणा होईल. खरा उपाय म्हणजे स्मार्ट चार्जरवर रात्रभर लावणं. चार्जरचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या साधारण एक दशांश असावा, आणि एजीएम बॅटरी (ॲसिड आत शोषून धरणारा प्रकार) असेल तर चार्जरवर तो मोड निवडा.

एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी लगेच चार्ज केली तर सहसा सावरते. आठवडाभर, दोन आठवडे तशीच पडली तर आतल्या प्लेटवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक बसतात, आणि गेलेली क्षमता परत येत नाही.

सुरू तर झाली, पण डॅशबोर्डवर सगळे दिवे पेटलेत. एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, सस्पेन्शन...

घाबरू नका आणि लगेच खर्चाला हो म्हणू नका. व्होल्टेज पडलं की एकेक कंट्रोल युनिट बंद पडतं आणि शेजारचं युनिट ‘तो उत्तर देत नाही’ अशी तक्रार नोंदवतं. या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला तर अशा तक्रारींची रांग निघते. त्यातल्या बहुतेक तक्रारी कमी व्होल्टेजमुळे आलेल्या असतात. बॅटरी पूर्ण चार्ज करून, या नोंदी पुसून गाडी थोडी चालवल्यावर ज्या परत येतात, तेवढ्याच खऱ्या. बॅटरी न तपासता कुणी सस्पेन्शनचा पंप किंवा स्टिअरिंगचं युनिट बदलायला सांगितलं, तर थांबा आणि बॅटरीचा लोड टेस्ट रिपोर्ट मागा.

काही गोष्टी तुम्हाला पुन्हा शिकवाव्या लागतात. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं की ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा बहुधा जातो. पॉवर विंडो पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की एका टिचकीत वर-खाली जाणं परत सुरू होतं. सनरूफचंही तसंच.

मॅकेनिक म्हणतो, ‘चालू गाडीचं टर्मिनल काढून डायनॅमो बघतो.’

त्याचा हात धरा. जुन्या अ‍ॅम्बेसेडर-फियाटच्या काळात ही पद्धत होती आणि तेव्हा चालून जायची. आजच्या गाडीत बॅटरी हीच व्होल्टेजची उसळी शोषून घेते. इंजिन चालू असताना तिला बाजूला काढलं की अल्टरनेटरची उसळी थेट इलेक्ट्रॉनिक्सवर जाते. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून सुरू करायचं आणि मग चालू गाडीत बॅटऱ्यांची अदलाबदल करायची, हाही तोच प्रकार. डायनॅमो तपासायला साधा मीटर पुरतो.

मीटरवर किती व्होल्ट दिसायला हवेत?

गाडी काही तास बंद राहिल्यावर मोजा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. चांगली एजीएम १२.८ च्या थोडी वरही दिसते. १२.४ च्या आसपास पाऊण, १२.२ ला निम्मी, आणि १२ किंवा त्याखाली असेल तर उतरलीच समजा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे.

इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.८ दिसतं. पण नव्या गाड्यांत ते कधी १३ च्या खालीही दिसेल. ब्रेक लावताना मिळणारी ऊर्जा साठवायला जागा राहावी म्हणून गाडी बॅटरी मुद्दाम थोडी रिकामी ठेवते आणि चार्जिंग कमी-जास्त करते. हे माहीत नसल्याने चांगले अल्टरनेटर बदलले जातात.

नवी बॅटरी टाकली तरी दर चार दिवसांनी उतरते. का?

गाडी झोपत नाही म्हणून. लॉक केल्यावर तिची युनिट्स एकामागून एक बंद होतात. त्याला पंधरा मिनिटांपासून तासभर लागू शकतो. त्यानंतर ती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत वीज घ्यायला हवी. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे महिनाभरात ३६. त्यामुळे चांगली बॅटरीही महिनाभर उभ्या गाडीत निम्मी होते. आणि एखादं युनिट जागं राहून एक अँपिअर घेत राहिलं, तर दिवसाला २४ अँपिअर-अवर जातात. ८० ची बॅटरी चौथा दिवस पाहत नाही.

दोषी बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो: कायमच्या वीजपुरवठ्यावर जोडलेला डॅशकॅम, ओबीडीच्या (स्कॅनर जोडायच्या) खोबणीत खुपसलेला ट्रॅकर, बाहेर बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर, अँड्रॉइड स्क्रीन. ते एकेक काढून बघा. किल्ली गाडीशेजारच्या भिंतीला टांगलेली असेल, तर काही गाड्या तिची चाहूल लागून पुन्हा पुन्हा जाग्या होतात. ती लांब ठेवा. नीट न लागलेली डिकी, पूर्ण न दाबलेलं दार, ग्लोव्ह बॉक्समधला न विझणारा दिवा ही कारणंही नेहमीची आहेत.

पावसाळ्यात आणखी एक कारण येतं. सनरूफभोवतीच्या पन्हाळीचं पाणी चारही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. गुलमोहराची बारीक पानं साचून त्या तुंबल्या की पाणी आत शिरतं आणि गालिच्याखाली किंवा डिकीतल्या खळग्यात साठतं. नेमकी तिथेच कंट्रोल युनिट आणि बॅटरी असतात. ओलं युनिट झोपत नाही. गाडीत कुबट वास येत असेल आणि बॅटरीही उतरत असेल, तर आधी गालिचा उचलून खाली हात लावून बघा. दरवर्षी मे महिन्यात या नळ्या साफ करून घ्याव्यात.

फास्टॅगमुळे बॅटरी उतरते का?

नाही. फास्टॅगचा गाडीच्या वायरिंगशी संबंध नाही. टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवरच तो चालतो.

बॅटरी किती वर्षं टिकते?

आपल्या हवेत तीन ते पाच वर्षं धरा. बॅटरीला थंडीत सेल्फ जड जातो हे खरं, पण तिचं आयुष्य खातो तो उकाडा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यात घर ते ऑफिस अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही.

ती आधी इशारा देते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं थांबतं, काचा जड चढतात, स्क्रीनवर बॅटरी जास्त उतरत असल्याचा संदेश येतो. इंजिन आपोआप बंद होत नाही म्हणून खूश होणारे मालक मी बरेच पाहिलेत. एसी किंवा बाहेरच्या उकाड्यामुळेही तसं होतं, पण सुखद हवेतही आठवडाभर असंच चाललं तर बॅटरी तपासून घ्या.

नवी बॅटरी कोणतीही चालेल का? शोरूमचीच हवी का?

शोरूमचीच हवी असं नाही. गाडी चाकणला जोडलेली असो की जर्मनीहून आलेली, बॅटरीचा प्रकार, क्षमता, माप आणि सेल्फ मारण्याचा करंट जुळला की नामांकित कंपनीची बॅटरी चालते. पण प्रकारात तडजोड नको. एजीएमच्या जागी एजीएमच हवी. तिच्यात ॲसिड मोकळं नसून काचेच्या तंतूंच्या थरांत शोषलेलं असतं, त्यामुळे ती वारंवारचं चार्जिंग-डिस्चार्जिंग सोसते. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असलेल्या गाडीत साधी बॅटरी स्वस्तात बसवली तर ती लवकरच निकामी होते. घेताना बॅटरीवरची उत्पादनाची तारीख वाचा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली नको.

मग येते नोंदणी. बीएमडब्ल्यू आणि ऑडीच्या बऱ्याच मॉडेलांत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनरने तशी नोंद गाडीत करावी लागते. गाडी बॅटरीचं वय लक्षात ठेवून चार्जिंग ठरवते. नोंद केली नाही तर तरण्या पोराला म्हाताऱ्याचं पथ्य चालू राहतं आणि नवी बॅटरी अकाली जाते. क्षमता किंवा प्रकार बदलला असेल तर कोडिंगही, म्हणजे गाडीत भरलेली बॅटरीची माहितीही, बदलावी लागते. मर्सिडीजच्या बऱ्याच मॉडेलांत याची गरज पडत नाही. बॅटरी विकत घेण्याआधीच दुकानदाराला विचारा: तुमच्याकडे नोंदणी करायचा स्कॅनर आहे का?

आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतः उभं राहून बघा. डिकीत किंवा सीटखाली असलेल्या बॅटरीच्या कडेला एक छोटं भोक असतं. करंगळीहून बारीक रबरी नळी त्यात खोचलेली असते आणि ती गाडीच्या तळातून बाहेर जाते. चार्जिंग बिघडलं तर निघणारा वायू माणसं बसतात तिथे न साठता या नळीतून बाहेर जावा, यासाठी ती आहे. घाईत बॅटरी बदलताना ती लोंबकळत राहते, आणि वरून गालिचा अंथरला की कुणाला दिसत नाही. काही बॅटऱ्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात; एकात नळी आणि दुसऱ्याला बूच हवं. बीएमडब्ल्यूच्या अधिक टर्मिनलवर अपघातात वीज तोडणारा स्फोटक तुकडाही असतो, तो पान्याने ठोकायचा नसतो.

टर्मिनल काढताना आधी वजा, लावताना वजा शेवटी. आणि काढण्याआधी गाडीला झोपायला वेळ द्या.

‘सहायक बॅटरीत बिघाड’ असा संदेश येतो. म्हणजे दोन बॅटऱ्या आहेत?

हो. मर्सिडीजच्या अनेक मॉडेलांत मोठ्या बॅटरीखेरीज एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. स्टार्ट-स्टॉपच्या वेळी आतल्या यंत्रणांचं व्होल्टेज पडू नये हे तिचं काम. तिच्यामुळे गाडी सहसा बंद पडत नाही. मोठी बॅटरी बदलण्याआधी संदेश नेमका कोणत्या बॅटरीबद्दल आहे ते वाचा.

साधारण २०१७ नंतर आलेल्या काही मॉडेलांत ४८ व्होल्टची लिथियम बॅटरीही असते. तिला केबल लावायची नाही, उघडायची नाही. जम्प द्यायचा तो १२ व्होल्टच्या खांबांवरच.

माझी गाडी पूर्ण इलेक्ट्रिक आहे. मग हा त्रास नाही ना?

आहे. खालची मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली असली तरी तिला गाडीशी जोडणारे स्विच १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती उतरली की गाडी बंद. तिचे जोडणीचे खांब कुठे आहेत ते मॅन्युअलमध्ये बघा आणि नारिंगी रंगाच्या जाड केबलला हात लावू नका.

विम्यात बॅटरी मिळते का?

झीज म्हणून गेलेली बॅटरी विम्यात मिळत नाही. पण पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर जम्प स्टार्ट आणि टोइंग बहुधा त्यात येतं. नव्या गाडीला कंपनीकडूनही ही सेवा काही वर्षं असते. नंबर मोबाइलमध्ये असू द्या. गाडीतल्या कागदांत ठेवला आणि गाडीच उघडली नाही तर उपयोग नाही.

आम्ही परदेशात असतो. गाडी पुण्याच्या घरी सहा महिने उभी राहते.

आई-वडिलांना ‘आठवड्यातून एकदा सुरू करून ठेवा’ असं सांगू नका. उभ्या जागी दहा मिनिटं इंजिन चालवलं तर सेल्फमध्ये गेलेली वीजही नीट भरून येत नाही, आणि बंद पार्किंगमध्ये धूर कोंडतो तो वेगळाच. जवळ प्लग असेल तर मेंटेनर चार्जर (बॅटरी हळूहळू भरलेली राखणारा) लावून ठेवा, तो महिनोन्महिने लागलेला चालतो. बेसमेंटमध्ये बहुतेकांना प्लग नसतो. तिथे सोसायटीला अर्ज करून स्वतःच्या मीटरवरून पॉइंट घ्या, किंवा विश्वासातल्या माणसाला पंधरा दिवसांतून एकदा तासभर हायवेवर फिरवून आणायला सांगा. दोन्ही जमत नसेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून वजा टर्मिनल जाणकाराकडून सोडवून ठेवा. तेव्हा धातूची चावी घरात ठेवा, गाडीत नाही.

जुनी बॅटरी कुठे द्यायची?

नवी घेताना दुकानदाराला परत द्या आणि तिचे पैसे बिलातून वजा करून घ्या. मोठ्या एजीएममध्ये शिसं भरपूर असतं, म्हणून तिला भावही बरा येतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्याला दिलीत आणि त्याने ती उघड्यावर फोडली, तर ॲसिड आणि शिसं तिथल्याच मातीत जातं, आणि फोडणाऱ्याच्या हातांवर. दुकानदार जुनी घ्यायला टाळाटाळ करत असेल तर नवी दुसरीकडून घ्या.